डोळ्यातल्या ओढ्यांचा नकाशा

सासऱ्यांच्या हातची रेघ चुकली, हे सुनेने त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि सासरेही कसे, तर उभा जन्म नकाशे काढण्यात घालवलेले. त्यांच्या रेघेवर भरवसा ठेवून रस्ते झाले, पूल उभे राहिले. सासूबाई गेल्यावर माणूस अगदी मिटून गेला होता, त्याला पुन्हा बोलतं केलं तेही याच रेघेने. सूनबाई सकाळपासून या एका प्रश्नाशी अडून बसली होती. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली, तरी तिला पत्ता नव्हता.

झालं होतं ते असं.

सूनबाई सॉफ्टवेअर लिहायची. तिने आणि तिच्या सोबत्यांनी मिळून डोळ्यांच्या दवाखान्यासाठी एक सॉफ्टवेअर केलं होतं. आपल्या डोळ्याच्या आत, अगदी पाठीमागच्या भिंतीवर, देवाने एक नाजूक पडदा विणून ठेवला आहे. त्यावर रक्ताच्या इतक्या बारीक वाहिन्या पसरलेल्या असतात की त्यांच्यापुढे आपला केस दोरखंड वाटावा. दवाखान्यातलं यंत्र त्यांचा फोटो काढतं. काळ्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं दिसतं, बघत राहावं असं. साखरेचा आजार फार वर्षं मुरला की यातल्या काही वाहिन्या बंद पडतात, आणि जाळ्याला भोक पडतं. ते भोक कुठे आहे, केवढं आहे, वाढतंय का, हे सॉफ्टवेअरने चटकन मोजून द्यायचं. एवढंच त्याचं काम.

पण सॉफ्टवेअरला आधी शिकवावं लागतं. पहिलीतल्या पोराकडून अक्षर गिरवून घ्यावं ना, तसं. कोणीतरी माणसाने ढीगभर फोटो घेऊन, एकेक वाहिनी पेनाने गिरवून द्यायची. मग ते गिरवलेलं बघून यंत्र शिकणार. काम इतकं किचकट की सूनबाईचे तरणेबांड सोबती दुसऱ्याच दिवशी मान धरून बसले. तेव्हा तिला घरातला माणूस आठवला.

आप्पा त्या काळात खिडकीपाशी बसून असायचे. जेवता का, तर हो. झोपता का, तर हो. याच्यापलीकडे शब्द नाही. सूनबाईने स्क्रीनची पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली, हातात पाटीचं पेन दिलं आणि म्हणाली, "आप्पा, जरा बघता? यातली कुठली रेघ कुठे जाते, ते आम्हाला कळत नाहीये."

आप्पांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं.

"कुठल्या मुलखाचा आहे हा?"

"डोळ्याचा."

"असं होय," आप्पा म्हणाले. "पाणी भरपूर दिसतंय."

तिथून जो माणूस परत आला, तो आलाच. सकाळी उठून दाढी करू लागला, खुर्चीला उशी मागू लागला. जाड वाहिनीला नदी, मधलीला ओढा आणि सगळ्यांत बारीकला पाझर, अशी नावं त्याने पाडली. रात्री जेवायला बसलं की आज कुठला ओढा कुठून निघाला याची कथा सुरू.

"आप्पा, जेवताना तरी रक्त नको हो," मुलगा म्हणायचा.

"अरे, तुझ्याही डोळ्यात असेच ओढे आहेत. तू फक्त वापरत नाहीस. मीठ नाकासमोर आहे आणि मघापासून शोधतोयस."

घर हसायचं. सूनबाई मनातल्या मनात हात जोडायची.

आणि काल दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. या बाई कामाला चोख आणि जिभेला धारदार. सॉफ्टवेअर काही दिवस वापरून बघायचं त्यांनी कबूल केलं होतं.

"तुझं सॉफ्टवेअर फार दयाळू आहे गं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ये, बघ. ही वाहिनी इथवर आली आणि संपली. इथे जाळ्याला भोक आहे, आंधळ्यालाही दिसेल. आणि तुझ्या यंत्राने काय केलंय? मेलेल्या वाहिनीला हाताला धरून पलीकडे नेलं, आणि समोरच्या वाहिनीशी तिचं लग्न लावून दिलं! सगळं जाळं कसं भरलेलं, सुखी. असलं मी माझ्या पेशंटवर वापरणार नाही. नीट करून आण, नाहीतर घेऊन जा."

सूनबाईने घरी येऊन गिरवलेले फोटो उघडले आणि एकेक बघत गेली. आप्पांची रेघ काय सुंदर होती! कुठे थरथर नाही, कुठे घाई नाही. पण जिथे जिथे जाळ्याला भोक होतं, तिथे तिथे आप्पांनी या काठाचा ओढा त्या काठाच्या ओढ्याला अलगद जोडून दिला होता. एक फोटो सुटला नव्हता. यंत्र बिचारं गुणी विद्यार्थी. गुरुजींनी जसं गिरवलं, तसं शिकलं.

"वडील तुझे आहेत, तू सांग," तिने नवऱ्याला धरलं.

"सॉफ्टवेअर तुझं आहे, तू सांग."

"अरे, ते पुन्हा खिडकीत जाऊन बसले तर?"

नवऱ्यालाही तीच भीती होती. मग म्हणाला, "असं करू. दुसऱ्या कोणाकडून गुपचूप गिरवून घे. आप्पांचं आप्पांना चालू दे. त्यांना काय कळतंय!"

"बाहुलीच्या कपातला खोटाखोटा चहा पाजायचा त्यांना?" सूनबाई म्हणाली. "माझ्याच्याने नाही व्हायचं ते."

म्हणून तर ती निवलेल्या चहासमोर बसली होती. शेवटी तिने देवाचं नाव घेतलं आणि वळणावळणाने सुरुवात केली.

"आप्पा, नकाशात एखादा ओढा मध्येच आटला, तर काय करायचं?"

आप्पा पाटीवर वाकलेले होते. "आटत नाही," मान वर न करता ते म्हणाले.

"समजा आटला."

"समजायचं कशाला? पाणी जाऊन जाऊन जाणार कुठे? वाळूखाली शिरेल आणि पुढे डोकं वर काढेल. मधल्या जागेत ठिपके द्यायचे आणि जोडून मोकळं व्हायचं. आमचे मोठे साहेब, उघडं टोक दिसलं की तांबड्या पेन्सिलीने त्याला गोल करून कागद परत पाठवायचे. नवीन होतो तेव्हा माझा एक कागद आला होता तसा. सगळ्या कचेरीसमोर. पुढे सेवा संपेपर्यंत एकही आला नाही."

"पण इथे तुम्ही ठिपके..."

"हे तुझं पेन ठिपके कुठे काढतंय? म्हणून बारीक रेघ देतो. यंत्राला तेवढं कळत असेल की."

आप्पांनी आता मान वर केली. ज्याने जन्मभर नकाशे वाचले, त्याला सुनेचा चेहरा वाचायला कितीसा वेळ लागणार?

"कालपासून नवे फोटो दिले नाहीस. जुनेच पुन्हा बघायला दिलेस. माझ्या रेघेत खोट निघाली, होय ना?"

"खोट अशी नाही हो, आप्पा..."

"इतकं गोड बोलतेयस म्हणजे मोठीच निघाली. सांग."

तिने सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाल्या तेही सांगितलं, लग्नाचं तेवढं वगळलं. आप्पांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"सगळ्याच फोटोंत?"

"जिथे भोक होतं, तिथे."

"म्हणजे जिथे बघायचं होतं, नेमकं तिथेच," आप्पा म्हणाले.

ते चिडले नाहीत. त्यांनी एक फोटो नव्याने उघडला आणि गिरवायला घेतला. रेघ भोकाच्या काठापर्यंत छान गेली. तिथे मनगट किंचित अडखळलं, आणि रेघ सरळ पलीकडे. आप्पांनी ती पुसली. पुन्हा काढली. पुन्हा पलीकडे. मग त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं. "हा तरी साहेबांना घाबरलेला नसेल," असं पुटपुटले. पण डाव्यानेही जोडलीच, वर वाकडी जोडली.

संध्याकाळी त्यांनी पाटी सुनेच्या हातात आणून दिली.

"दुसरा माणूस बघ, बाळ. चूक डोक्याला कळली, हाताला कळत नाही. हा बैल जुन्या वाटेनेच घरी येणार."

एवढं बोलून ते खिडकीपाशी जाऊन बसले. जेवताना मीठ कोणाला सापडलं नाही, आणि त्यावर कोणी काही बोललंही नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाई डॉक्टरांकडे गेली. फोटो पुन्हा गिरवून घेता आले असते, माणसं मिळतात. घरातल्या त्या शांततेला काय करायचं, ते मात्र तिला कळेना. डॉक्टरांपुढे तिच्या तोंडून सगळंच निघून गेलं.

"चिडले का?" डॉक्टरांनी विचारलं.

"चिडले असते तर बरं झालं असतं. शांत बसलेत."

"शांत म्हाताऱ्यांवर माझा विश्वास नाही. काही होतंय का विचारलं तर नाही म्हणतात. घेऊन ये त्यांना इकडे. डोळे नाही तपासायचे, एका बाईंची ओळख करून द्यायची आहे."

आप्पा येईनात. "चूक केली ती केली, आता वर जाऊन तोंडही दाखवू?" असं म्हणाले. पण डॉक्टरांनी बोलावलंय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना. इस्त्रीचा सदरा घातला, आणि शिक्षा ऐकायला जावं तसे सुनेच्या मागून चालत गेले.

दवाखान्याची ती खोली अर्ध्या उजेडाची होती. हनुवटी टेकवायचं यंत्र, भिंतीवर मोठ्या अक्षरांचा तक्ता, टेबलावर रुंद स्क्रीन. आणि खुर्चीत एक भरघोस बाई बसलेल्या होत्या. गळ्यात मापाची टेप, कॉलरला टाचण्यांची ओळ. शिवणकाम करणाऱ्या होत्या, हे कोणी सांगायलाच नको.

"टेप तरी काढून ठेवा म्हटलं," डॉक्टर म्हणाल्या, "तर ऐकत नाहीत."

"टेप काढली की मी कोण तेच मला आठवत नाही," शिवणवाल्या बाई म्हणाल्या, आणि आप्पांकडे वळल्या. "तुम्हीच का हो ते, माझ्या डोळ्यात ओढे सोडणारे?"

त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. आप्पांना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

"चूक झाली बाई."

"अहो, चूक कसली! मला वाटलं, कोणीतरी घरबसल्या डोळा दुरुस्त करून दिला. घरी जाऊन आरशात पाहिलं, तर आहे तसाच!" आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की टाचण्या लकाकल्या.

आप्पाही नकळत हसले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "काय दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं सगळं. पण या उजव्या डोळ्याने टाक्याकडे बघितलं ना, की त्याच्या जरासं वर, डाव्या अंगाचा टाका गायब. त्याच्याकडे बघायला जावं तर तो हजर, आणि तिसराच गायब! जगाला उंदराने कुरतडलंय म्हणा ना. आणि उंदीर असा इमानी, की मी जाईन तिकडे बरोबर येतो."

"केवढं असेल ते? आकार कसा आहे?"

सूनबाईने चटकन आप्पांकडे बघितलं. हा प्रश्न कचेरीतल्या माणसाचा होता.

"काढूनच दाखवते की," बाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी पातळ पांढऱ्या अस्तराचा तुकडा काढला आणि कॉलरच्या टाचण्यांनी तक्त्यावर टोचला. निळ्या खडूने मधोमध फुली मारली. खुर्ची पुढे ओढली, डावा डोळा हाताने झाकला आणि उजवा त्या फुलीवर रोखला. मग खडू कापडावरून हळूहळू सरकवू लागल्या. खडूचं टोक दिसेनासं झालं की ठिपका. पुन्हा दुसऱ्या बाजूने सरकवत आणायचं, दिसेनासं झालं की ठिपका. मध्येच जोराची शिंक आली. ठिपके जोडल्यावर कान तुटलेल्या कपासारखी एक आकृती झाली.

आप्पा श्वास रोखून बघत होते.

डॉक्टरांनी स्क्रीनवर बाईंच्या उजव्या डोळ्याचा फोटो उघडला, नुसता, रेघांशिवाय. "आता ते कापड वरचं खाली करून इकडे लावा. डोळ्याच्या पडद्यावर जग उलटं पडतं, वरचं खाली जातं. डावं-उजवं आमच्या फोटोत आपोआप जुळतं."

"म्हणजे वरची कड खाली आणि उलटी बाजू पुढे. रोजचंच आहे मला," म्हणत बाईंनी अस्तर उलटलं आणि उजळलेल्या स्क्रीनवर धरलं. पातळ कापडातून फोटो आरपार दिसत होता. डॉक्टर फोटो लहानमोठा करत गेल्या, निळी फुली नजरेच्या मध्यावर आणली, आणि थांबल्या.

जाळ्यातलं काळं भोक त्या निळ्या रेघेत मावलं होतं. एका कोपऱ्यात खडू बाहेर गेला होता, तेवढाच.

"तिथे शिंकले मी," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी एक बटण दाबलं. सॉफ्टवेअरच्या रेघा फोटोवर उमटल्या. बारीक, डौलदार, निळ्या आकृतीच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेलेल्या. आप्पांनी स्वतःच्या हातचं वळण लगेच ओळखलं.

बाई पुढे वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान आहेत हो. पण या माझ्या नाहीत." त्यात तक्रार नव्हती. कापडाच्या गठ्ठ्यातून चुकून आलेलं दुसऱ्याचं बटण परत करावं, तसं त्या बोलल्या.

आप्पांनी अस्तराची कड हातात धरली. नकाशा बघून कोण चालतं, ते त्यांना कचेरीत कधी दिसलं नव्हतं. इथे ते माणूस शेजारीच बसलेलं होतं, टाचण्या खोचून.

"हे वाढतंय का?" त्यांनी विचारलं.

"तेच मोजायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "वाढत असेल तर उपचार आत्ताच सुरू करायचे, म्हणजे आहे तिथे थोपवता येईल. या रेघांवर विश्वास ठेवला तर मी म्हणेन, सगळं झकास आहे, वर्षाने या."

आप्पा सुनेकडे हात करून म्हणाले, "पेन आण."

तिथेच टेबलाशी बसून त्यांनी बाईंचा फोटो गिरवायला घेतला. नदी झाली, ओढा झाला. रेघ काठाशी आली. मनगट अडखळलं. सूनबाईने डोळे मिटून घेतले.

"बस," मागून बाईंचा आवाज आला. "माझं कापड इथवरच आहे."

आप्पांनी पेन उचललं. रेघेचं टोक उघडं राहिलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि दुसरा ओढा घेतला. तोही काठाशी सोडला. तिसऱ्याला कोणाला बस म्हणावं लागलं नाही.

त्यानंतर आप्पांनी सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून गिरवले. घाई केली नाही. शंका आली की डॉक्टरांना फोन. डॉक्टर वैतागायच्या, पण उचलायच्या. सूनबाईने यंत्राला जुनं शिकलेलं विसरायला लावलं आणि नव्याने पाठ दिला. पुन्हा परीक्षेचा दिवस आला, तेव्हा आप्पा आपणहून बरोबर निघाले, सुनेच्या चार पावलं पुढे.

पहिला फोटो शिवणवाल्या बाईंचा. सॉफ्टवेअरने भोक उघडं दाखवलं, मोजलं, आणि जुन्या फोटोपेक्षा ते थोडं वाढलंय असंही सांगितलं. डॉक्टरांनी आपल्या डोळ्याने दोन्ही फोटो ताडून बघितले, मान हलवली आणि उपचाराचं ठरवून टाकलं.

"चला, उंदराचं माप तरी मिळालं," बाई म्हणाल्या. "आता पुढे सरकायचा नाही म्हणजे झालं."

"नाही सरकू द्यायचा," डॉक्टर म्हणाल्या, आणि सुनेकडे बघून तुटकपणे पुढे म्हणाल्या, "राहू दे हे सॉफ्टवेअर इथे."

सूनबाईने मनोमन देवाला दंडवत घातला. सगळं आटोपलं असं तिला वाटलं. डॉक्टर पुढच्या पेशंटचा फोटो उघडतात, तोच आप्पा खुर्चीतून उठले.

"थांबा, थांबा. इथे का सोडलं याने? इथे पाणी आहे!"

"ती सावली आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"सावलीला असे काठ असतात होय?"

"पेशंटची पापणी मध्ये आली की असतात. डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

"डॉक्टर तुम्हीच. पण हा ओढा मी ओळखतो! असा वळून खाली उतरतो तो."

"परवापर्यंत तुम्ही सगळेच ओढे ओळखत होतात, आप्पा!"

"म्हणून तर म्हणतो, आता उगाच नाही म्हणत!"

सूनबाई दाराबाहेर आली. तिचा फोन वाजत होता, नवऱ्याचा होता.

"काय झालं? घेतलं का त्यांनी?"

"घेतलं."

"आणि आप्पा? आप्पा कसे आहेत?"

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "ठीक आहे! बोलवा त्या पेशंटला, काढा फोटो पुन्हा, होऊन जाऊ दे एकदा!" थोडा वेळ यंत्राची घरघर. मग डॉक्टर विजयाने हसल्या, "घ्या. कुठाय तुमचा ओढा?" आणि लगेच आप्पा, खणखणीत, "बरं, नव्हता. हरलो. पुढचा उघडा, पुढचा उघडा!"

"भांडतायत," सूनबाई फोनवर म्हणाली.

पलीकडे नवऱ्याने केवढा तरी मोठा श्वास सोडला.

"देवा, पावलास रे बाबा," तो म्हणाला. "भांडू दे. घाई करू नकोस, त्यांचं भांडून झालं की मगच घरी घेऊन ये."